चिलखत घालून जिना चढता आला पाहिजे

वाचकांचे प्रश्न, मावशीची उत्तरं

मागच्या अंकात मी ओघात एक वाक्य लिहून गेले, की नाटकातली चिलखतं आता कुणी पत्र्याची नि कागदाच्या लगद्याची करत नाही, फोमची करतात आणि ती घरी जेवणाच्या टेबलावर होतात. तेवढ्यावर प्रश्नांचा पाऊस पडला. कुणाला शाळेच्या गॅदरिंगसाठी हवं, कुणाला अनंत चतुर्दशीच्या झांकीसाठी, म्हणजे ट्रकवर देखावे मांडून रात्री निघते त्या मिरवणुकीसाठी, आणि कॉलेजातली मुलं ज्याला कॉस्प्ले म्हणतात, आवडत्या काल्पनिक पात्राचं सोंग घेणं, त्यासाठी तर सगळ्यात जास्त. सारखे प्रश्न एकत्र करून निवडक घेतले आहेत. ‘खर्च किती येईल’ याचं उत्तर कुणालाच दिलेलं नाही. भाव इथे इंदूरच्या सियागंज बाजारात विचारायचा, आणि तोही दोन दुकानांत.

*

मावशी, मी भंवरकुआँला हॉस्टेलात राहतो. कॉलेजच्या फेस्टसाठी एका काल्पनिक योद्ध्याचं अख्खं चिलखत केलं. साचे इंटरनेटवरून उतरवून घेतले होते. उभा राहिलो की एकदम झकास दिसतं. पण हात वर केला की खांद्याचा तुकडा कानावर येतो आणि खुर्चीत बसलो की छातीचा भाग हनुवटीला लागतो. फोम जाड झाला का? पातळ घेऊ?

फोमला कशाला दोष देतोस? माप उभ्या माणसाचं घेतलंस आणि चिलखत बसणाऱ्याला घातलंस. ते साचे दुसऱ्याच कुणाच्या अंगाचे असतात, त्यातून बरेचसे फोटोपुरते केलेले. फोटोत कुणाला जिना चढायचा नसतो.

आमच्या तालमीत परीक्षा ठरलेली असते. चिलखत घालून नटाने जिना चढायचा, खुर्चीत बसायचं, जमिनीवर पडलेला रुमाल उचलायचा, उजव्या हाताने डावा खांदा धरून दाखवायचा आणि, हसू नकोस, कुणाच्या मदतीशिवाय बाथरूमला जाऊन यायचं. शेवटच्या विषयात भलेभले सेनापती नापास होतात.

साचा तुझ्याच अंगावर काढ. टाकून द्यायचा टी-शर्ट घाल. त्यावर स्वयंपाकघरातली, पोळ्या-फळं झाकायची पातळ प्लास्टिक फिल्म गुंडाळ आणि मित्राकडून मास्किंग टेपचे तुकडे आडवे-उभे लावून घे. श्वास नेहमीसारखा चालू ठेव, पोट आत ओढू नकोस, ते पुढे चार तास तसंच ओढून धरावं लागेल. टेपचं कवच घट्ट झालं की मार्करने रेघा मारायच्या. मधली रेघ उभं राहून. कमरेची मात्र खुर्चीत बसून: पोट आणि मांडी जिथे दुमडते, त्याच्या दोन बोटं वर चिलखत संपलं पाहिजे. तुझी छाती हनुवटीला लागते ती याचमुळे. खालची कड मांडीवर टेकते आणि सगळा तुकडा वर ढकलला जातो. बगलेची रेघ हात पुढे धरून मारायची, कारण माणूस हात बाजूला नेतो त्याहून जास्त वेळा पुढे नेतो. पुढची बगल पाठीकडच्या बगलेपेक्षा खोल कापतात, हे तुला कोणीही शिंपी सांगेल.

मग मित्राने ते कवच कात्रीने, सावकाश, टी-शर्टसकट कापून काढायचं. जमिनीवर पसरलं की ते सपाट बसणार नाही, छातीपाशी नि खांद्यापाशी फुगेल. जिथे फुगेल तिथे टक्स घे, ब्लाउजला घेतात तसे. ते टक्स कागदावर उतरले की झाला साचा. आणि आता ती गोष्ट, जी साचे वाटणारे बहुधा सांगत नाहीत: फोमला जाडी असते. दहा मिलिमीटरचा फोम अंगाभोवती फिरवलास तर बाहेरचा घेर आतल्यापेक्षा सहा सेंटिमीटरहून थोडा जास्त भरतो. टेपचं माप जसंच्या तसं कापलंस तर चिलखत आतून आवळतं. एकूण घेरात सहाएक सेंटिमीटर वाढव, ते दोन्ही बाजूंना वाटून टाक, आणि आत सुती बंडी घालणार असशील तर तीही आधी घालूनच टेप लाव.

खांद्याचा तुकडा तू छातीला थेट चिकटवला असणार. तो सोडव. खांदा हा अंगातला सगळ्यात उनाड सांधा, त्याला बांधून ठेवायचं नसतं. चार-पाच वाकवलेल्या पट्ट्या कर, कौलांसारख्या एकीवर दुसरी अर्धी चढलेल्या, आणि आतल्या बाजूने निवारीच्या किंवा जाड इलॅस्टिकच्या दोन उभ्या फितींवर बसव. हात वर गेला की पट्ट्या एकमेकींखाली सरकतात. सगळ्यात वरची पट्टी गळ्याजवळ एका बकलाने अडकव, खालची दंडाला इलॅस्टिकने. युरोपातले चिलखतकार खऱ्या पोलादात हेच करत. पट्ट्या आतून चामड्याच्या वाद्यांना रिव्हेट मारून जोडत, म्हणून तो लोखंडी माणूस घोड्यावर चढू शकत असे. आपल्याकडच्या चारआईन्यात छाती, पाठ आणि दोन कुशी अशी चार पत्र्यांची विभागणी असते, कुशीचे पत्रे वरून बगलेसाठी कोरलेले असतात आणि मधल्या फटी खालच्या कड्यांच्या चिलखताने झाकल्या जातात. मुंबईला गेलास तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात अकबराचं १५८१ सालचं चिलखत आहे, ते बघ. नक्षी नंतर बघ, आधी कडा कुठे संपतात ते बघ.

उघडायची बाजू कुशीला ठेव, पाठीला नको. पाठीला ठेवलीस तर प्रत्येक वेळी मित्र लागेल. वेल्क्रो चालतं, पण स्टेजवर शांत प्रसंगात ते चर्र करून ओरडतं. बॅगेला असतात ती प्लास्टिकची बकलं बरी.

*

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. १९ फेब्रुवारीला शाळेत शिवजयंतीला त्याला महाराज व्हायचंय आणि चिलखत हवंच असा हट्ट आहे. दुकानात फोम मागितला तर तीन प्रकार दाखवले, मी गोंधळून परत आले. कोणता घेऊ? – सुदामानगर

दुकानदाराने दाखवलेला पांढरा, हलका, टीव्हीच्या खोक्यात येतो तो फोम पॅकिंगचा. त्यावर ना चिकट धड बसतं ना रंग, आणि एकदा मुडपला की वळी कायमची राहते. दुसरा सोफ्याचा स्पंज असणार, तो आतल्या गादीला ठीक. तुम्हाला हवा तो ईव्हीए, म्हणजे इथिलीन व्हिनाइल ॲसिटेट. नाव लांबलचक, वस्तू रोजच्या ओळखीची: रबरी चपलेचा मऊ तळ आणि बाळांच्या खोलीत अंथरतात त्या एकमेकींत अडकणाऱ्या चौकोनी चटया याच्याच. हार्डवेअरवाल्याकडे नाही मिळाला तर चप्पल-बुटांचं कच्चं सामान विकणाऱ्याकडे ‘ईव्हीए शीट’ मागा, तिथे दोन मिलिमीटरपासून जाड्या मिळतात. नखाने दाबून बघा. खूण पडून लगेच भरून आली तर घ्या.

चटया बहुतेक दहा-बारा मिलिमीटरच्या असतात, नऊ वर्षांच्या छातीला ते फार. अंगाला पाच मिलिमीटर, वरच्या नक्षीला दोन. कटरचं पातं नवं घाला. हा फोम पातं भराभर बोथट करतो आणि बोथट पात्याने कड उंदराने कुरतडल्यागत दिसते. एकाच लांब ओढीत कापायचं, करवतीसारखं पुढेमागे नाही. आणि कटर तुमच्या हातात, मुलाच्या नाही.

पण मी तुमचं कामच कमी करते. १० नोव्हेंबर १६५९ला प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखानाला भेटायला जाताना महाराजांनी चिलखत अंगरख्याच्या आत घातलं होतं आणि डोक्याला लोखंडी टोप मंदिलाच्या खाली. मुलाला पांढरा अंगरखा शिवा आणि चिलखत फक्त गळ्याशी चार बोटं आणि मनगटाशी वीतभर दिसेल एवढंच करा. इतिहासही सांभाळला जातो, मुलाला पळता येतं आणि तुमची एक रात्र वाचते. अंगरख्यावरून चकचकीत छातीपत्रा घातलेले महाराज मला कधीच पटलेले नाहीत. आणि बरोबरचे मित्र मावळे होणार असतील तर त्यांच्या आयांना सांगा, साधा मावळा लोखंडात मढलेला नसे. मुंडासं, बंडी, कमरेला शेला, ढाल. पुरे.

गळ्याशी बकल किंवा गाठ नको, लहान मुलाला वेल्क्रोच. खेळताना कुणी ओढलं तर ते सुटलं पाहिजे.

*

आमच्या मंडळाने गेल्या वर्षी झांकीत दहा मुलांना चिलखतं घातली. ग्लू गनने केली होती. मध्यरात्रीपर्यंत निम्म्यांचे सांधे उकलले, मग पाऊस आला आणि रंगही पांढरट होऊन चिकटायला लागला. या वर्षी काय करू? – परदेशीपुरा

झांकी म्हणजे अख्खी रात्र, हे चिलखत करणाऱ्याने पहिल्यांदा लक्षात घ्यायला हवं. गिरण्यांच्या कामगारांनी ही मिरवणूक सुरू केली त्याला शंभरेक वर्षं झाली. हुकुमचंद मिल १९९१मध्ये बंद पडली तरी तिची झांकी निघत राहिली, आणि रस्त्यावरची गर्दी पहाटेपर्यंत हलत नाही. नाटकात चिलखत अडीच तास टिकलं की झालं. इथे ट्रकवर, हॅलोजनच्या झोताखाली, धक्के खात रात्रभर.

ग्लू गनची कांडी उष्णतेने वितळते म्हणून तर चिकटते, आणि म्हणूनच उष्णतेने सुटते. हॅलोजनपासून हातभर अंतरावर उभ्या राहिलेल्या मुलाच्या खांद्याचा सांधा मऊ पडणारच. गन नक्षी टाचायला ठेवा, सांध्याला नको. सांध्याला सुतार सनमायका चिकटवायला वापरतात ते पिवळं चिकट, फेव्हिकॉल एसआरच्या जातीचं. मोच्याकडेही त्याच प्रकारचं असतं. दोन्ही कडांना पातळ थर लावायचा आणि थांबायचं. सगळं कौशल्य या थांबण्यात आहे. दहा-पंधरा मिनिटांनी बोट लावून पाहा, तार निघाली नाही पण किंचित धरल्यासारखं वाटलं की कडा जुळवून दाबा. भाद्रपदाच्या दमट हवेत वेळ जास्त लागतो. दाबलं की धरलं, मग सरकवता येत नाही, म्हणून आधी मार्करने दोन्ही कडांवर आडव्या खुणा करून ठेवा आणि खूण ते खूण जोडत जा. कोपऱ्याला येणारे सांधे असतील तर दोन्ही कडा तिरप्या कापा, म्हणजे जोड आतल्या आत बंद होतो.

याचा वास डोक्यात जातो आणि वाफ पेट घेते. गच्चीवर किंवा अंगणात करा. जवळ बिडी, उदबत्ती, गॅस काही नको. तरुण पोरं रात्री दारं लावून हॉलमध्ये बसतात नि मग डोकं दुखलं म्हणतात. डोकं दुखेपर्यंत थांबायचंच नसतं.

पावसाचं: तुमचा रंग पांढरट झाला म्हणजे खाली साधा पांढरा फेव्हिकॉल लावला असणार. तो घरातल्या कामाला उत्तम, पण पाण्याने पुन्हा मऊ होतो. बाहेरच्या कामाला गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा लवचीक ॲक्रिलिक कोट वापरा, रंगाच्या दुकानात छोट्या डब्यात मिळतो. दोन पातळ हात, मधे पूर्ण वाळू द्या. तो ताणला तरी तडकत नाही आणि वर ॲक्रिलिक रंग धरतो.

आता रागावून सांगते. झांकीबरोबर अखाडे असतात आणि काही अखाड्यांत आगीचे खेळ असतात. हा फोम जळतो आणि जळताना वितळून ठिबकतो, तो थेंब कातडीला चिकटून बसतो. चिलखतातली मुलं मशालीच्या आणि आरतीच्या जवळ अजिबात जाता कामा नयेत. ट्रकवर एका मोठ्या माणसाला फक्त याच कामाला ठेवा. आत सगळ्यांना सुती बंडी आणि दर तासाला पाणी, कारण फोमातून घाम बाहेर जात नाही. पाठीच्या बाजूला, कुणाला दिसत नाही तिथे, रुपयाएवढी भोकं पाडून ठेवली तर मुलं दुवा देतील.

*

नातवाला कड्यांचं चिलखत हवंय. तो म्हणतो, लोखंडाच्या कड्या आणून जोडू. मला विणकाम येतं. विणून होईल का, का हा म्हातारीचा हट्ट? – लोकमान्यनगर

हट्ट कसला, जगभरच्या नाटकवाल्यांची जुनी युक्ती तुम्हाला घरबसल्या सुचली. नातवाला कड्या जोडायला बसवा, हवं तर. खऱ्या चिलखतात प्रत्येक कडी शेजारच्या चार कड्यांतून जाते आणि बारीक रिव्हेट मारून बंद केलेली असते. असं अंगभर चिलखत आठ-दहा किलोंच्या घरात सहज जातं. तळहाताएवढा तुकडा जोडून झाला की तो तुमच्याकडेच येईल.

सुती जाड दोरा घ्या, लोकर नको. इंदूरच्या मेमध्ये लोकर घातलेला सैनिक शत्रूशिवायच पडेल. दोरा काळा किंवा गडद राखाडीच घ्या, पांढरा घेऊन रंगवत बसू नका, कारण टाका ताणला की आतला पांढरा डोकावतो आणि सगळं सोंग उघडं पडतं. सुया नेहमीच्या स्वेटरच्या दुपटीने जाड. सगळ्या ओळी सुलट विणा, म्हणजे दोन्ही अंगांना उंचवटे येतात आणि लांबून ते कड्यांच्या रांगांसारखे दिसतात. एक सुलट एक उलट अशा ओळींनी जी गुळगुळीत वीण येते तिचा स्वेटरच दिसतो, कितीही चांदी फासा.

मागून-पुढून दोन आयत, बाह्या कोपरापर्यंत, गळ्याला छातीपर्यंत चीर. लांबी हवी त्याहून चार बोटं कमीच ठेवा, घालून हिंडल्यावर ते आपल्या वजनाने उतरतं. शिवून झालं की जमिनीवर पसरून चंदेरी ॲक्रिलिक रंग जवळजवळ कोरड्या स्पंजाने वरच्या वर फिरवायचा, फक्त उंचवट्यांना लागेल असा. रंगात बुडवू नका. बुडवलं की पुठ्ठा होतो, लोंबत नाही, आणि लोंबणं हाच कड्यांच्या चिलखताचा सगळा जीव. कमरेला रुंद पट्टा आवळा आणि वरचं कापड पट्ट्यावर थोडं ओघळू द्या. खरं चिलखत घालणारेही पट्टा आवळत, त्याने खांद्यावरचा भार थोडा कमरेवर येतो.

तुमचं चिलखत किलोभरही भरणार नाही. उरलेलं वजन नातवाने चालण्यात दाखवायचं. त्याला एक दिवस पुस्तकांनी भरलेलं दप्तर पोटाशी एक आणि पाठीला एक बांधून घरात हिंडवा, मग शिकवावं लागत नाही.

विणलेलं चिलखत आणि फोमचा पत्रा एकावर एक घातलेत तर फारच छान. सांध्यांतली फोमची चूक विणीखाली झाकली जाते.

*

रंग दोन दिवसांत तडकतो, आणि चांदीचा रंग दिला तरी ते लोखंड न वाटता डबा वाटतो.

हा प्रश्न निम्म्या पत्रांत आहे. तडकतो तो दाराखिडक्यांना देतात तो तैलरंग. तो कडक वाळतो, फोम वाकतो, मग तो कुठे जाणार? ॲक्रिलिक घ्या.

त्याआधी हीट गन, म्हणजे कडक गरम हवेचा झोत सोडणारं यंत्र. रंग देण्यापूर्वी फोमच्या सगळ्या पृष्ठभागावरून ती फिरवायची, एका जागी न थांबता. बारीक छिद्रं मिटतात, अंगावर मंद तकाकी येते, त्यावरून कळतं की झालं. छिद्रं उघडी राहिली तर रंग पीत राहतात. याच वेळी तुकडा गरम असताना गुडघ्यावर किंवा पालथ्या कढईवर दाबून वाकवा आणि गार होईपर्यंत धरून ठेवा, बाक राहतो. नक्षीच्या रेघा हव्या असतील तर कटरने निम्म्या खोलीपर्यंत चिरा मारून मग गरम हवा द्या, चीर आपोआप उघडून खाच होते. पहिल्यांदा पाहणारा हमखास ‘अरे!’ म्हणतो. हीट गन नसेल तर केस वाळवायचं यंत्र दोन-तीन मिलिमीटरच्या फोमला धीराने पुरतं. गॅसच्या ज्योतीवर धरायचं नाही, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगते. आणि कडा घासणार असाल तर नाकावर मास्क, ती धूळ बारीक असते.

मग थर: घरातल्या कामाला पाणी घातलेल्या फेव्हिकॉलचे तीन-चार पातळ हात, बाहेरच्या कामाचं वर सांगितलंच. त्यावर काळा, सगळीकडे, खाचांतसुद्धा. त्यावर चंदेरी स्पंजाने थोपटून, काळा थोडा दिसत राहील असा. डबा वाटतो तो सगळीकडे सारखी चांदी ओतल्यामुळे. लोखंड सगळीकडे सारखं चमकत नाही: जिथे हात लागतो, म्यान घासतं, तिथे उजळ, आणि खाचेत, खिळ्याच्या बुडाशी काळं. म्हणून शेवटी तपकिरी-काळा रंग पाण्यासारखा पातळ करून खाचांत सोडा, फडक्याने पुसा, आणि कडांवर उजळ चांदीची एक कोरडी रेघ. सोनेरी बॉर्डर हवीच असेल तर एकच. जुन्या मंडळींच्या बेगडाची हौस मला कळते, पण बेगड दिव्याखाली सेनापतीपेक्षा जास्त बोलतो.

आणि बघायचं कुठून? बाराव्या रांगेतून. टेबलावर सहा इंचांवरून बघत बसलात तर काम कधीच संपणार नाही.

*

घरात गणपतीच्या मखराचा थर्मोकोल पडलाय. त्याचं करू का?

टोपावरच्या तुऱ्याचा गाभा करा. अंगावर नको, बसलं की मोडतो. त्यावर स्प्रेचा रंग किंवा वरचं पिवळं चिकट लावू नका, थर्मोकोल विरघळून खड्डे पडतात.

*

३१ मेला अहिल्याबाईंच्या जयंतीला आमच्या शाळेच्या मुली नाटक करताहेत. देवींना रणरागिणीसारखं चिलखत द्यावं असं मुख्याध्यापकांचं म्हणणं आहे, बाकी शिक्षकांना ते पटत नाही. तुम्ही निवाडा करा.

निवाडा शिक्षकांच्या बाजूने. राजवाड्यासमोरच्या चौकात रोज पाहता ना त्यांना? इंदूरच्या माणसाच्या मनातली अहिल्याबाई पांढऱ्या लुगड्यातली, हातात शिवलिंग घेतलेली. १७६७पासून १७९५पर्यंत महेश्वरातून राज्य केलं, घाट बांधले, देवळं उभारली. तिच्या अंगावर फोमचा छातीपत्रा चढवला की ती कुठल्याही मालिकेतली कुणीही होते. तिचा दरारा त्या मुलीच्या आवाजातून आणि ताठ मानेतून येऊ द्या.

हौस बाजूच्या सैनिकांवर फेडा. पण तिथेही हात आखडता. अठराव्या शतकातला मराठा स्वार बहुधा हलका असे, अनेकांच्या अंगावर रुई भरून टिपलेला जाड अंगरखा असायचा. ते तर तुमच्यासाठी सोपंच: जुनी दुलई, तिला उभ्या टिपा, वर ढाल. महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केटात गडद रंगाचं मांजरपाट घ्या. सगळ्या फळीत एकच सरदार निवडा आणि त्याला चारआईना, बाहूला दस्ताने आणि नाकपट्टीचा टोप द्या. बारा जणींनी चिलखतं घातली की एकाचंही दिसत नाही. टोप करताना मुलीला दोन्ही बाजूंना दिसतंय ना ते बघा, विंगेतून येताना पायरी चुकते ती तिथेच.

मुख्याध्यापकांना हे माझं नाव घेऊन सांगा, तुमच्यावर येणार नाही.

*

कार्यक्रम झाल्यावर चिलखत ठेवायचं कसं? मागचं माळ्यावर टाकलं होतं, चपटं झालं.

घाम वाळेपर्यंत आतून पंख्याखाली ठेवा, मग पाणी आणि थोडा शाम्पू लावलेल्या फडक्याने आतली बाजू पुसा. छातीत आणि टोपात वर्तमानपत्रांचे बोळे भरून उभंच ठेवा, वर काही रचू नका. पत्र्याच्या छपराखालचा माळा आणि मे महिन्यात उन्हात उभी केलेली गाडी, दोन्ही वर्ज्य. तिथली उष्णता हीट गनचं काम सावकाश करते आणि तुम्ही दिलेला बाक उलटा वळतो. चपटं झालेलं फेकू नका. रंग आतल्या बाजूला नसेल तर आतून हळूहळू गरम हवा द्या, कढईवर पुन्हा दाबा, बराचसा आकार परत येतो. वरचा रंग थोडा चुरगळेल, तो स्पंजाने दुरुस्त होतो. आणि शेजारच्या मंडळाला उसनं देणार असाल तर आतून मार्करने नाव आणि दंडाचं माप लिहून ठेवा. परत येताना डावा खांदा दुसऱ्याच चिलखताचा येतो.